भिंगरीच्या नावावरच्या ओळी

त्याला सगळे भिंगरी म्हणत, आणि त्यात चूक काहीच नव्हती. कंपनीच्या चार शाखा चार गावांत, आणि हा महिन्यातले वीस दिवस त्यांच्यामध्ये फिरत असे. काम करतानाही खांद्यावरची बॅग काढत नसे. "अरे, ठेव ती खाली, ती चोरायला इथे वेळ कोणाला आहे?" असं मी वर्षभर सांगितलं आणि मग नाद सोडला. संध्याकाळी बायकोचा फोन आला की "निघालोच" म्हणायचा आणि पुढे तासभर एकाच वायरशी झटत बसायचा. त्याची चार वर्षांची लेक, बाबा कुठे असतात असं विचारलं की फोनकडे बोट दाखवायची म्हणे. मला असली माणसं झेपत नाहीत. ती शेजारी बसली की आपलंही काहीतरी करायचं राहून गेलंय असं उगाच वाटत राहतं.

आम्ही लिफ्ट चालवणारा प्रोग्राम लिहितो. प्रोग्राम एक आणि लिहिणारी माणसं चाळीस, त्यामुळे कोणी कुठली ओळ कधी बदलली याची नोंद ठेवणारा सर्व्हर लागतो. पूर्वी प्रत्येक शाखेचा वेगळा, म्हणजे चार चुली. मुख्य शाखेने त्या एकत्र करायचं ठरवलं. मोठा सर्व्हर त्यांच्याकडे, आणि बाकी तीन ठिकाणी त्याची आपोआप ताजी होत राहणारी नक्कल. उंटावरून शेळ्या हाकणारे ते, आणि शेळ्यांमागे धावणारा भिंगरी.

आमची शाखा सगळ्यात लहान, सहा जणांची. सर्व्हर झाडू-बादल्यांच्या खोलीत. तिथे उलट्या क्रेटवर बसून त्याने सगळं जोडलं, पण घोडं पेंड खात होतं ते आमच्या इंटरनेटपाशी. नऊ वर्षांची नोंद त्या लाइनवरून पाठवायला नऊ दिवस लागले असते, आणि वरून तारीख आली होती शुक्रवारची. त्याने आमच्याकडच्या प्रोग्रामची फक्त त्या दिवशीची प्रत मोठ्या सर्व्हरला पाठवली.

"जुनी नोंद मागाहून आणतो, ताई," तो म्हणाला. मागाहून म्हणजे कधी, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

तीन महिन्यांनी मुख्य शाखेने माणसं कमी करायला काढली. कोणाला ठेवायचं यासाठी त्यांनी सोपी मोजपट्टी शोधली, सर्व्हरमध्ये कोणाच्या नावावर किती ओळी आहेत ते बघायचं. यादी काढायचं काम अर्थातच भिंगरीकडे. मंगळवारी सकाळी तो आमच्याकडे होता. यादी बघून आधी हसला, मग उठून खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. आमच्याकडचा सगळा प्रोग्राम त्याने एकट्याने पाठवलेला आणि सर्व्हर पाठवणाऱ्यालाच लिहिणारा धरतो, म्हणून आमच्या नऊ वर्षांच्या ओळी त्याच्या नावावर चढल्या होत्या. चारही शाखांत तो पहिला आणि आम्ही सहा जण तळाला.

मी त्याला वाट्टेल ते बोलले. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली तर काय करायचं, तो भाग माझा आहे. त्यात मी दोन वर्षं घातली आहेत, आणि माझ्या एकटीच्या पगारावर आमचं घर चालतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि जुना सर्व्हर कुठे आहे एवढंच विचारलं.

तो जिन्याखाली काढून ठेवला होता, दुपारी भंगारवाला न्यायला येणार होता. भिंगरीने त्यातली डिस्क काढली आणि स्वतःच्या स्वेटरात गुंडाळली. "मुख्य शाखेला लाइनवरून नऊ दिवस, बसने सात तास," म्हणाला. यादी गुरुवारी द्यायची होती. मी स्टँडपर्यंत त्याच्याबरोबर गेले. राग उतरला नव्हता, पण त्याच्या घरी दुसरं बाळ येणार होतं आणि बायकोने शाळेतली नोकरी नुकतीच सोडली होती, हे मला माहीत होतं.

"आमच्या ओळी आमच्याकडे आल्या की तुझ्याकडे काय उरणार?"

"सर्व्हरवाल्याच्या नावावर ओळी नसतातच, ताई. साहेबांना सांगतो, माझं वेगळं धरा म्हणून."

"आणि नाही धरलं तर?"

"बघू," म्हणाला आणि बस पुरती थांबायच्या आत चढला.

बुधवारी दिवसभर मी सर्व्हर उघडून बघत होते. कशात लक्ष लागेना, चहा दोनदा गार झाला. चारच्या सुमाराला पहिलं नाव बदललं, मग भराभर सगळी. त्या अडकलेल्या लिफ्टच्या भागावर माझं नाव आलं, जुन्या तारखांसकट. जीव भांड्यात पडला. मला रडू आलं, हेही सांगून टाकते.

सोमवारी मुख्य शाखेतून साहेबांनी पडद्यावरून यादी वाचली. भिंगरी आमच्याकडेच होता. चित्र सारखं अडकत होतं म्हणून टेबलाखाली शिरून वायर तपासत होता, बॅगेसकट. आम्ही सहाही जण राहणाऱ्यांत होतो. जाणारे नऊ, त्यात आठवं नाव त्याचं. त्याच्या नावावर सतरा ओळी होत्या. साहेबांनी त्याचं वेगळं धरलं नव्हतं. टेबलाखालची खुडबुड जरा थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

"कोणाला काही बोलायचंय?" साहेबांनी विचारलं.

आमची नावं यादीत कशी वर आली, हे त्या खोलीत मला सगळ्यात चांगलं माहीत होतं. पण बोलले असते तर कदाचित यादी पुन्हा मोजली गेली असती, आणि त्यात कोण खाली जाईल कुणी सांगावं? आम्ही सहाही जण मिठाची गुळणी धरून बसलो. साहेब थेट माझ्याकडेच बघताहेत असं मला वाटलं, म्हणून मी हळूच माइक बंद केला.

"ताई, तुमचा आवाज जात नाहीये का?" तो टेबलाखालून म्हणाला. "थांबा, बघतो."