वळणावरचं पाणी

मासळीच्या टेम्पोला मागे, खालच्या बाजूला एक भोक असतं आणि त्याला बूच असतं. बर्फ वितळून साचलेलं पाणी बाजारात पोचल्यावर गटारावर गाडी उभी करून सोडायचं, वाटेत सोडायचं नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाणी साचलं की गाडी जड होते, वळणावर डुलते, पळवता येत नाही. म्हणून आमच्या किनाऱ्यावरचे कितीतरी जण बंदरातून बाहेर पडतानाच बूच काढून टाकतात. माझा धाकटा भाऊ त्यातलाच.

तो मुळातला असा नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. होडीवर होता तेव्हा शांत माणूस होता. टेम्पो घेतला आणि त्याच्या अंगात काय शिरलं कोण जाणे. लिलावाला पहिली गाडी आपलीच लागली पाहिजे, बस्स. दुसऱ्या कुणाची लागली तर दिवसभर घरात तोंड फुगवून बसायचा. आम्ही त्याला रुसलेला जावई म्हणून चिडवायचो. त्याची बायको तेवढी चिडवत नसे. गाडी सुटली की आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ती बंदरावर उभी राही. तेव्हा मला तिचा राग यायचा, की नुसती उभी काय राहतेस, चांगलं खडसाव त्याला. ती एकांतात त्याला खडसावत होती, हे मला फार नंतर कळलं.

त्या सकाळी माल भरून झाल्यावर तिने विचारलं, "बूच लावलंय ना?"

"लावलंय गं," तो म्हणाला आणि सुटला.

थोड्या वेळाने आम्ही दोघी तिच्या स्कूटरवरून घरी निघालो. ती चालवत होती, मी मागे. ती नेहमीसारखी सावकाश चालली होती. नारळाच्या वाडीपाशी रस्ता वळतो तिथे स्कूटर आमच्या खालून निघून गेली, त्याला दुसरा शब्दच नाही. मी गवतात फेकली गेले. तिचा पाय स्कूटरखाली राहिला.

उठून तिच्याकडे धावले तर माझाही पाय सरकला. रस्ता चकाकत होता. बोंबलाचा वास, खवलं आणि अजून न वितळलेले बर्फाचे तुकडे. आमच्या आधी त्या वाटेने एकच गाडी गेली होती. पडल्या पडल्या तिनेही ते तुकडे पाहिले.

लोक जमले, कुणीतरी रिक्षा आणायला गेलं. तेवढ्यात तिच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. मी घेतला आणि "बोल" म्हणाले.

"बाय, पयला नंबर लागला! सांग तिला!" भाऊ ओरडत होता. "हाय कुठं ती?"

मी तिच्याकडे पाहिलं. वेदनेने तिचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तिने मान जोरात हलवली. सांगू नको.

"घरी हाय," मी म्हणाले. "तू ये सावकाश."

दवाखान्यात तो दुपारी आला. चहा पिऊन, गप्पा मारून, आरामात घरी पोचला होता आणि तिथे शेजारणीने त्याला सांगितलं होतं. तोवर तिला आत नेऊन, पाय बांधून बाहेर आणलं होतं. तिचा गुडघा आता दुमडत नाही. बाजारात पाटावर बसून मासळी कापणाऱ्या बाईचा गुडघा दुमडत नाही म्हणजे काय, ते ज्याला कळायचं त्याला कळेल. बाजारातल्या तिच्या जागेवर आता दुसरी बाई बसते.

पण त्या दुपारी हे कुणाला माहीत नव्हतं. तो खाटेपाशी उभा राहिला आणि माझ्यावरच उखडला. "फोनवर खोटं का बोललीस? बायको हाय ती माजी! मी तवाच आलो नसतो का?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. पण तिने माझा हात दाबला.

"मीच नको म्हनले," ती त्याला म्हणाली. "तू उडत आला असतास. आनी वळनावर तुजं पानी व्हतं."

"माजं?" त्याने विचारलं.

तिने डोळे मिटून घेतले.