अमेरिकन ट्रकला क्लीनर

दिवाळीला मुलगी हैदराबादहून आली ती एक स्टिअरिंग घेऊन. खोटं, प्लास्टिकचं, पण आकाराने खरं. बाबा रिटायर झाल्यापासून नुसते बसून असतात, असं तिचं म्हणणं. ते नुसते बसत नव्हते, माझ्या स्वयंपाकघरात बसत होते, हे तिला फोनवरून कुठून दिसणार? तिने ते स्टिअरिंग माझ्या शिलाई मशीनच्या टेबलाला आवळलं, कॉम्प्युटर समोर मांडला आणि भोपाळच्या कोटऱ्यातल्या आमच्या घरात अमेरिका सुरू झाली. माझं शिवणकाम तेव्हापासून बंद आहे.

खेळ असा की मोठमोठे अमेरिकन ट्रक माल भरून या गावाहून त्या गावाला न्यायचे. ह्यांची सगळी नोकरी इथल्या सरकारी कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये गेली. पुण्याहून पोस्टिंगवर आलो आणि भोपाळमध्येच मुरलो. घराएवढा ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवर चढवून टाउनशिपच्या वळणांवरून सुखरूप बाहेर काढणं, हे ह्यांचं काम. लोक असा खेळ आला की ट्रक चालवत सुटतात. ह्यांनी आधी ट्रकची तपासणी केली आणि त्यात त्रुटी काढल्या.

त्रुटी काढणं हा ह्यांचा जुना आजार. कारखान्यात सुधारणा सुचवायची पेटी होती आणि सूचना मान्य झाली की थर्मास मिळायचा. आमच्याकडे इतके थर्मास आहेत की एखादं लग्न चहावर निघेल. अशा माणसाला मुलीने सांगितलं, की नवीन कोणकोणत्या प्रकारचे ट्रक हवेत ते खेळणारे लोक इंटरनेटवर कंपनीला कळवतात, जगभरातून. माकडाच्या हाती कोलीत दिलं तिने.

मग दर रविवारी, जेवणं झाली की फोन. हे स्पीकरवर सांगायचे, ती तिकडे इंग्रजीत लिहायची.

पहिली सूचना क्लीनरची होती.

“एवढा मोठा ट्रक आणि ड्रायव्हर एकटा? मागे घेताना दारावर हात आपटून ‘आने दो, आने दो’ कोण म्हणणार?”

“बाबा, तिकडे क्लीनर नसतो.”

“म्हणूनच तर सुचवतोय.”

मग ट्रक रिकामा असताना मागचा एक ऍक्सल वर उचलता यावा, अशी सूचना गेली. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या खोलीबद्दल एक गेली. त्या खोलीत पलंग, फ्रिज आणि कपाट असतं. आमच्या पहिल्या क्वार्टरपेक्षा ती ऐसपैस आहे, हे मी स्वतः पडद्यावर पाहिलं. ह्यांचं म्हणणं, जवळच्या खेपा करणाऱ्याला ही चैन कशाला? निम्म्या लांबीच्या खोलीचा एक प्रकार हवा. तिकडच्या कोणीतरी ‘अगदी बरोबर’ असं लिहिलं, तेव्हा हे दोन दिवस घरात छाती काढून चालत होते.

आता ताटाविषयी सांगते, कारण भांडण तिथे झालं. माझ्या माहेरी ताटाला डावी-उजवी बाजू होती. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे; भाजी उजवीकडे आणि आमटीची वाटी तिच्या पलीकडे. पुण्याहून येताना ट्रकमध्ये निम्मं सामान फुटलं, पण ही पद्धत शाबूत पोचली. टाउनशिपमधल्या शेजारणी ताटात कुठेही काहीही वाढायच्या. मला बघवायचं नाही, पण मी बोलत नसे.

संक्रांत झाली आणि हे माझी भाजी टाकायला लागले. मेथी टाकली, वांगं टाकलं, भरली तोंडली टाकली. चटणीशी पोळी खायची, भातावरचं वरण संपवायचं आणि उठायचं. आमटीची वाटी दोनदा लवंडली. मला वाटलं, लक्ष सगळं ट्रकमध्ये. इतकी वर्षं रांधून घालतेय, आता अमेरिकेच्या नादात माझी भाजी नकोशी झाली. माझ्या नाकावर राग असतो, हे मला मान्य आहे. पण आमच्याकडे भांडण न बोलता करायची पद्धत आहे. मी बोलले नाही. भाजी मात्र मुद्दाम जास्त चांगली करायला लागले आणि ते ती मुद्दाम टाकतात असं समजून आतल्या आत धुमसायला लागले.

पेपरही त्यांनी सोडला. अक्षरं तुटकी छापतात म्हणाले. तेही मी पेपरवाल्यांच्या खात्यावर टाकलं.

तशातच तो रविवार आला. जेवण झालं, फोन लागला. हे सांगत होते, “लिही. ट्रकचं नाक लांब आहे, ते आखूड आणि उतरतं असावं. म्हणजे उजवीकडचं दिसेल. बॉनेटवर उजवीकडे आणखी एक आरसा. उजव्या दाराला खालच्या बाजूला लहान काच. आणि शक्य असेल तर स्टिअरिंगच उजवीकडे न्यावं.”

“बाबा, महिनाभर तुम्ही सगळं उजवीकडचंच मागताय.”

“कारण उजवीकडचं काही दिसतच नाही. गाड्या एकदम उगवतात. खेळच तसा बनवलाय त्यांनी.”

मुलगी हसली. लिहिते म्हणाली. तिकडच्या लोकांनाही पटलं असतं. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, तेव्हा उजवी बाजू त्याला कमीच दिसणार.

मी ह्यांचं ताट उचलून उभी होते. डावीकडे चटणीचं बोटसुद्धा उरलं नव्हतं. उजवीकडे फ्लॉवरची भाजी, वाढली तशी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो माझा. मी ताट ओट्यावर ठेवलं. मला भीती वाटली. हे रोज संध्याकाळी स्कूटरवरून टी. टी. नगरच्या बाजाराला जात होते. त्या दिवशीही जाणार होते. मी स्कूटरची किल्ली खुंटीवरून काढली आणि तांदळाच्या डब्यात पुरली.

हे बराच वेळ किल्ली शोधत होते. मी म्हटलं, “सापडेल.” डब्यावर मीच बसले होते.

रात्री ताट वाढलं. पहिल्यांदा जन्मात मी भाजी डावीकडे वाढली. चटणी उजवीकडे.

हे भाजी सगळी खाऊन गेले. चटणीला हात लावला नाही. मग म्हणाले, “छान झालीय. बऱ्याच दिवसांनी केलीस.”

“बऱ्याच दिवसांनी?”

“मध्ये नव्हतीच की. म्हटलं, हिचे गुडघे दुखत असतील, उभं राहवत नसेल. उगाच कशाला विचारा?”

महिनाभर मी ज्या माणसाशी मनात भांडत होते, तो माझ्या गुडघ्यांची काळजी करत कोरडी पोळी खात होता. मी मोरीत जाऊन रडले. मग येऊन आणखी भाजी वाढली. डावीकडेच.

दुसऱ्या दिवशी अरेरा कॉलोनीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, डोळे उत्तम आहेत. त्याने मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवलं. मेंदूच्या पाठीमागच्या भागात एक लहानसा झटका येऊन गेला होता, कुणाला न सांगता. दोन्ही डोळ्यांचं उजवीकडचं दिसणं त्याने नेलं होतं. गोळ्या सुरू झाल्या. त्यामुळे पुढचा मोठा झटका टळेल अशी आशा आहे, पण गेलेलं परत यायची फारशी नाही. हे सगळं ऐकून ह्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, “म्हणजे खेळात दोष नव्हता?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही.

स्कूटर विकली. त्या दिवशी हे जेवले कमी. खेळ मात्र डॉक्टरांनी चालू ठेवा म्हटलं, मान उजवीकडे वळवायची सवय लागेल म्हणून. तेव्हा हल्ली संध्याकाळी मी ह्यांच्या उजव्या हाताला स्टूल घेऊन मटार सोलत बसते. “गाडी आली,” म्हणते. “थांबा,” म्हणते. ट्रक मागे लावायचा असला की शिलाई मशीनच्या फळीवर हात आपटून “आने दो, आने दो” म्हणते. पहिल्याच दिवशी मटारात एक अळी निघाली, माझं लक्ष गेलं आणि ट्रक सरळ गोदामाच्या भिंतीत शिरला. ह्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की कारखान्यातले क्लीनर किती टिकत असतील, ते मला कळलं.

रविवारी फोन झाला. उजवीकडचा आरसा, काच, आखूड नाक, सगळ्या सूचना ह्यांनी मागे घ्यायला लावल्या. आपल्यामुळे कंपनीला भुर्दंड नको म्हणाले.

“आणि क्लीनर?” मुलीने विचारलं. “तो राहू दे ना?”

“तोही काढ,” हे म्हणाले. “मिळाला.”