विसरलेले खोडायचे
निजामाच्या अमदानीत आमच्याकडे शाळा उर्दूतून चाले; म्हणून मुलांसाठी मराठी गोष्टी लिहिणारे आम्ही काहीजण दर शुक्रवारी कळंबला एका कापडदुकानाच्या माडीवर जमत असू. दुकानाचे मालकही लिहीत. कोणाचीही गोष्ट ते डोळे मिटून ऐकत आणि लगेच तोंडी पुन्हा सांगत. सांगणाऱ्याला जे आठवत नसे ते लेखकाने खोडायचे, हा त्यांचा दंडक. माझ्या ग्रहणाच्या गोष्टीतून त्यांनी चंद्राची सारी गती गाळली, घाबरलेली कोंबडी तेवढी ठेवली.

"बाई, पोरांच्या ध्यानात कोंबडीच राहणार."

निरीक्षण बिनचूक होते. मला ते आवडले नाही.

एकदा त्यांनी स्वतःची गोष्ट वाचली. पुन्हा सांगण्याची पाळी माझी होती. हरवलेले वासरू, नदी, अंधारातली घंटा, सारे मी सांगितले.

"आन् शेवटी बाप काय बोलतो?"

मला खरोखरच आठवेना.

"ते माझ्या बापाचं बोलणं हाय," ते हळूच म्हणाले. "त्याच्यासाठीच तर गोष्ट लिव्हली."

"राहू द्या की मालक, एवढ्या बारीला!" कोणीतरी म्हणाले.

"न्हाय. दंडक म्हंजे दंडक." त्यांनी कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. "फकस्त माझा हात उठंना. रेघ तुम्ही मारा."

मी सावकाश रेघ मारली. त्यांनी कागद उचलून न्याहाळला.

"तिरपी झाली," ते म्हणाले. आणि कापड मोजायचा गज कागदावर आडवा धरून त्यांनी त्याच ओळीवर दुसरी, सरळ रेघ ओढली.