भोगीच्या दिवशी पुसलेला आवाज

माझी धाकटी बहीण बेंगळुरूला मोबाईलची ॲपं बनवते. ॲपं दोन जातींची असतात हे मला तिच्यामुळे कळलं. काही स्टोअरमधून उतरवून घ्यायची. ती फोनमध्ये स्वतःचं घर करून राहतात. दुसरी वेबची, म्हणजे ब्राउझरच्या घरातले भाडेकरू. दिसायला दोन्ही चौकोनी, बोट ठेवलं की दोन्ही उघडतात. मग फरक काय डोंबलाचा, असं मी तेव्हा म्हणाले होते.

आई असताना बहिणीने तिच्यासाठी आवाज साठवायचं असंच एक वेबचं ॲप केलं. आम्ही कुंभकोणमचे मराठी. आमची घरातली बोली ऐकून पुण्याच्या माणसांना हसू येतं, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की आमचं सगळं तमिळच. ती बोली आईएवढी भरभरून बोलणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणून बहीण तिला म्हणाली, "हे गोल बटण दाब आणि काहीही बोल." आमच्या वडिलांचं, अप्पांचं म्हणणं, वेबचं कशाला, खरं ॲप कर. पण आईचा फोन जुना, त्यात जवळच्या गोविंदपुरमच्या विठ्ठलमंदिरातल्या भजनांचे व्हिडिओ ठासून भरलेले; नवं काही उतरवायला जागाच नव्हती. त्यात आईची अट वेगळीच.

"माझा आवाज परक्या जाग्याला जायचा नाहीं. या फोनांतच राहूं दे."

म्हणून तो तिथेच राहिला, दुसरीकडे कुठेही नाही.

आधी ती लाजली, मग थांबेचना. पट्टीश्वरमहून केळीची पानं घेऊन येणाऱ्या बाईशी भांडली की आत येऊन बटण दाबायची आणि अख्खं भांडण पुन्हा आमच्या मराठीत करायची. दोन्ही बाजूंनी!

आई गेल्यावर तो फोन अप्पांकडे आला. रोज सकाळी फिल्टर कॉफी घेऊन बसले की ते आईचं एकच बोलणं लावायचे: "अहो, डिकाशन उतरलंय, पेपर ठेवा कीं आतां." आवाज संपला की पेपर खरंच खाली ठेवायचे. मला स्वयंपाकघरात उभं राहवायचं नाही. मी मागच्या अंगणात जाऊन रडायचे.

दुखवट्याच्या वर्षी आम्ही पोंगल केला नाही. यंदा अप्पा म्हणाले, भोगी तरी करूं. भोगीला जुनं घराबाहेर काढायचं, फाटक्या चटया, झिजलेल्या केरसुण्या. सगळं काढून झाल्यावर ते फोन घेऊन बसले. जागा संपली म्हणून तो कधीचा कुरकुरत होता. मला हाक मारून कौतुकाने म्हणाले, "भजनांना हात लावला नाहीं गे. नुसतं ब्राउझरचं जुनं काढलं. सगळ्या चौकटींवर खूण केली."

दुसऱ्या दिवशी कॉफी निवली. ॲपचा चौकोन जागच्या जागी होता, उघडलाही. आत काही नव्हतं. अप्पा पुन्हापुन्हा बंद करून उघडत राहिले.

मी बहिणीला फोन लावला. अप्पांनी काय काय काढलं ते सांगितलं. ब्राउझर झाडला की भाडेकरूचं सामानही जातं, परत येत नाही, एवढं तिने मला सांगितलं आणि म्हणाली, अप्पांना दे. त्यांना ती म्हणाली, "अप्पा, माझं ॲपच बिघडलं. मी कच्चं केलं होतं. तुम्ही काही केलं नाहीत."

अप्पा तिच्यावर ओरडले. एवढं शिकून काय उपयोग, म्हणाले. मी तिथेच उभी होते. वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. निदान दोष स्वतःवर तरी घेत नाहीत.

फोन ठेवल्यावर ते हळूच म्हणाले, "मींच पुसलं, हें मला कळलंय. तिला सांगूं नकोस. मला वाचवलं असं वाटूं दे तिला."

मग त्यांनी विचारलं, "डिकाशनचं कसं म्हणायची गे ती? तूं म्हणून दाखव."

मी म्हटलं. शब्द सगळे बरोबर होते.

"तसं नाहीं," अप्पा म्हणाले. मग त्यांनी स्वतः म्हणून पाहिलं. त्यांनाही आलं नाही.