तळहातावरची वेळ

आधीच सांगते, न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदराची मी वाचक नाही. नवरा वाचतो, जेवताना मला सांगतो, आणि मी त्याला दर वेळी तेच तीन प्रश्न विचारते – त्या माणसाची झोप किती झाली होती, औषध कुठलं चालू होतं, आणि हे दुसऱ्या कुणी पाहिलं का? आता माझ्यावरच लिहायची वेळ आली, तर उत्तरं देऊन टाकते. झोप पाच तास. औषध काही नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र उलटं आहे... दुसऱ्यांनी पाहिलं. मीच पाहिलं नाही.

मी डॅलसजवळ अर्विंगला राहते. वय बावन्न, आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर. माझं सगळं आयुष्य वहीत असतं. दर रविवारी आठवड्याची यादी करते. झालेल्या कामापुढे टिक, न झालेलं काम पुढच्या पानावर. मुलगी ईशा म्हणते, "आई, यू वुड मेक अ लिस्ट फॉर ब्रीदिंग." असू दे. घर चालतं ते त्या वहीवर.

ही सवय बाबांची. बाबा भुसावळचे, रेल्वेत स्टेशन मास्तर. मी शाळेत असताना तीन वर्षं ते डेप्युटेशनवर इराकला होते. तिथल्या सरकारी रेल्वेच्या वाळवंटातल्या एका स्टेशनात, नव्या मास्तरांना काम शिकवायला. स्टेशन म्हणजे एक खोली, पाण्याची टाकी आणि दिवसाला चार गाड्या. बाकी नजर पोचेल तिथपर्यंत वाळू. पुढे आयुष्यभर ते त्या जागेबद्दल असं बोलायचे, की आई म्हणायची, "तिथेच का नाही राहिलात?"

मास्तरांचा एक नियम असतो. गाडी जाताना बाहेर उभं राहून ती पुरी बघायची. कुठे धूर येतोय का, काही लोंबकळतंय का... सगळं ठीक असेल तर हिरवा झेंडा स्थिर धरायचा. शेवटच्या डब्यामागची खूण दिसली की मगच वेळेची नोंद करायची. शेवटचा डबा पाहिला नसेल तर गाडी गेली असं लिहिता येत नाही. मधेच डबे सुटून मागे राहिलेले असू शकतात.

वाळवंटातल्या वाऱ्यात झेंडा काठीभोवती गुंडाळला जायचा, म्हणून बाबा नुसता उजवा हात सरळ वर धरायचे. कागद उडून जायचा, म्हणून वेळ आधी डाव्या तळहातावर लिहायची आणि मग आत जाऊन रजिस्टरमध्ये उतरवायची. भुसावळला परत आल्यावरही ही पद्धत सुटली नाही. आमच्या लहानपणी त्यांच्या तळहातावर कायम निळे आकडे असायचे.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे अर्विंगला आले. आमच्या घराजवळ मालगाडीचं एक क्रॉसिंग आहे. फाटक पडलं की बाबा आमच्या कारची काच खाली करायचे, हात बाहेर काढून सरळ वर धरायचे आणि शंभर-सव्वाशे डबे पुरे बघायचे.

"बाबा, काच वर घ्या, एसी चालू आहे. बाहेर शंभर डिग्री आहे."

"वैशू, गाडी चाललीये."

"त्यांना तुमच्या सिग्नलची गरज नाहीये हो. सगळं कॉम्प्युटरवर असतं."

"असेल. पण बघायला कुणीतरी असलेलं बरं असतं."

मागे बसलेली ईशाही हात वर धरायची. मी फोनवर ईमेल उरकून घ्यायचे.

त्यांनीच शोधून काढलं की देशाच्या राष्ट्रीय रेल्वेची एक गाडी पश्चिम टेक्सासच्या वाळवंटातून लॉस एंजेलिसला जाते, आठवड्यातून मोजकेच दिवस. डॅलसहून बसलं की रात्री सॅन अँटोनिओला आपला डबा त्या गाडीला जोडतात आणि सकाळी डोळे उघडतात ते वाळवंटातच. "एकदा जाऊ या. शेवटच्या डब्यात बसू," म्हणाले. मी यादीत लिहिलं – 'बाबा : ट्रेन'. आणि पुढच्या पानावर नेलं. आणि पुढच्या. एकदा तिकिटं काढलीसुद्धा, पण त्याच आठवड्यात क्लायंटचं गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टीम सुरू करायचं काम, आलं आणि मी ट्रिप कॅन्सल केली. बाबांनी बॅग भरून दाराशी ठेवली होती. त्यांनी ती उचलून आत नेली. "गाडी काय, रोज असते," म्हणाले. ती रोज नसते हे त्यांना पाठ होतं.

त्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. चौथ्या दिवशी दुपारी मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा ते झोपले होते. नर्स म्हणाली, सकाळी त्यांनी पेन मागून घेतलं. डाव्या तळहातावर चार आकडे लिहिलेले होते. संध्याकाळी दोन-तीन कुटुंबं भेटायला येणार होती. माझ्या वहीत त्या दिवशी 'बाबांचे हात-तोंड पुसणे' असं होतं. मी वाइप घेतला आणि पुसायला लागले. पुसता पुसता पहिले दोन आकडे दिसले – एक आणि पाच. पुढचे दोन बघितले नाहीत.

त्यांना जाग आली. तळहाताकडे बघत म्हणाले, "पुसलंस?"

"हो बाबा."

"नोंद घेतलीस ना आधी?"

"हो हो, घेतली," मी म्हणाले.

"मग ठीक." आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

आयुष्यात मी फार खोटं बोललेली नाही. हे बोलले, तेही नोंदीबद्दल, आणि बाबांशी.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी एकटीच त्या गाडीनं निघाले. समीर, माझा नवरा, म्हणाला येतो. मी नको म्हणाले. वहीत बाबांनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टींची यादी केली होती – शेवटचा डबा, उजवीकडची खिडकी, मधे कुठे थांबलो तर थांबल्याची आणि सुटल्याची वेळ. वाटलं, यादी पुरी केली की जरा हलकं वाटेल.

सकाळी जाग आली तेव्हा बाहेर खरंच काही नव्हतं. काटेरी झुडपं, मातकट डोंगर, तारेचं कुंपण. आमच्या डब्याची कंडक्टर डोरीन नावाची साठीची बाई होती. माझी वही बघून तिने मला 'इन्स्पेक्टर' म्हणायला सुरुवात केली. तिचं बोलणं इंग्रजीतच होतं, इथे मराठीत लिहिते.

"काय इन्स्पेक्टर, आज आम्ही पास की नापास?"

"दोन तास लेट आहात," मी म्हणाले.

"म्हणजे वेळेवरच!" ती हसत पुढे गेली.

दुपारी एल पासोच्या अलीकडे, समोरून येणाऱ्या मालगाडीला वाट द्यायला आमची गाडी सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळांवर, थांबली. एकेरी मार्गावर हे होतंच. थांबलो १५:०४, माझं घड्याळ अजून डॅलसच्या वेळेवरच होतं. मालगाडी गेली. मग आमची गाडी हलली, अगदी हळू. मी वहीत मान घालून 'सायडिंग, मालगाडी, दोन इंजिनं' असं लिहीत होते. खाली 'शेवटचा डबा' या ओळीपुढे टिक केली. ती ठळक दिसावी म्हणून परत गिरवली.

तेवढ्यात डोरीन मागच्या दाराकडून आली. या वेळी हसत नव्हती.

"इन्स्पेक्टर, तो तुझा माणूस होता का?"

"कोण?"

"आत्ता बाहेर उभा होता तो. तुझ्याच बाजूला, रुळांपासून दहा पावलांवर. तू पाहिलं नाहीस?"

मी वही मिटून खिडकीला चिकटले. नुसती झुडपं मागे जात होती.

डोरीननं सांगितलं ते असं. म्हातारा माणूस, सावळा, बारीक, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट. उजवा हात सरळ वर. "हलवत नव्हता. लोक ट्रेनला टाटा करतात तसं नाही. नुसता धरून होता, पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत, आणि नजर चाकांवर. पूर्वी आम्ही दुसऱ्या गाडीची तपासणी करताना असंच उभं राहायचो, पण आता ते कोण करतं? मी मागच्या दाराच्या काचेतून बघत होते. आपला डबा पुढे गेल्यावर त्याने हात खाली घेतला, मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि तळहातावर काहीतरी लिहिलं."

"कुठल्या?" मी विचारलं.

"काय कुठल्या?"

"कुठल्या तळहातावर?"

तिने दोन्ही हात समोर धरून आठवून बघितलं. "डाव्या," ती म्हणाली.

तो ड्रायव्हरलाही दिसला होता. कुणी कामगार आहे का, म्हणून त्याने रेडिओवर विचारलंही. कंट्रोलकडून उत्तर आलं, त्या पट्ट्यात आज कुणाचंही काम नाही. सायडिंगजवळ रस्ता नाही, ट्रक नाही, झाडाची सावलीसुद्धा नाही. मागून येणाऱ्या मालगाडीला लक्ष ठेवायला सांगितलं. एल पासोला उतरताना डोरीननं सांगितलं, त्यांना कुणी दिसलं नाही.

मी तिला आमची गाडी सायडिंगवरून सुटल्याची वेळ विचारली. तिने खिशातली डायरी काढली. डॅलसच्या घड्याळानं १५:२७.

स्टेशनातूनच ईशाला फोन केला. ती हल्ली कॉलेजला आहे. सगळं ऐकून घेतलं तिने.

"आई... यू डिडन्ट लुक अप?"

"मी लिहीत होते गं."

"व्हॉट वेअर यू रायटिंग?"

मी वही उघडली. गिरवलेली टिक समोर होती.

स्पष्टीकरणं मी शोधली आहेत. रेल्वेचे शौकीन असतात, ते लांब लांब जाऊन गाड्या बघतात. पण मग त्याची कार कुठे होती? उन्हात भास होतो... पण दोघांना, गाडीच्या दोन टोकांना? आणि हात स्थिर धरणं, तळहातावर लिहिणं? समीर म्हणतो, डोरीनला तू आधी बाबांबद्दल काही बोलली असशील. नव्हते बोलले. वहीत पाहिलं, त्या दिवशी डोरीनशी झालेलं सगळं बोलणं तिथे आहे. मला हे समजलेलं नाही, आणि समजेल असंही वाटत नाही.

हॉस्पिटलमधल्या त्या आकड्यांचा मात्र रोज विचार करते. एक, पाच... पुढे दोन होता का? कधी डोळ्यांसमोर दोन येतो, कधी तीन. शेवटचा आकडा तर कधीच येत नाही. माझ्याकडे कपाटभर वह्या आहेत. कुठल्या मंगळवारी कुठली भाजी आणली तेही सापडेल. ते दोन आकडे कुठेही नाहीत.

परत आल्यावर मी त्या दिवसाच्या पानावरची 'शेवटचा डबा' पुढची टिक खोडली. मी त्या डब्यात बसले होते, एवढंच. बघितलं काहीच नाही. बाबांच्या नियमाप्रमाणे माझ्याकडून गाडी अजून गेलेली नाही. या रविवारच्या पानावरही पहिली ओळ तीच आहे – 'बाबा : ट्रेन'. पुढची जागा रिकामी आहे.