अक्काच्या अंगठ्यावरचे मेथीदाणे

उन्हाळ्यात धुळ्याला जायचं तर मी कपडे कमी आणि पाणी जास्त घेते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी नाशिकहून निघाले तेव्हा एसटीच्या खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता. या फेरीचं काम पक्कं ठरलं होतं: माझी थोरली बहीण वत्सलाअक्का, तिला हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचं. तिच्या उजव्या अंगठ्याचं मूळ वर्षभर दुखत होतं.

अक्का सोनगीरहून येऊन धुळ्याच्या स्टँडवर थांबली होती. डॉक्टर राहू दे, म्हणाली, आधी इथल्याच देवपूर भागातल्या ताईंकडे जाऊ, त्या ॲक्युप्रेशर करतात. मला वैताग आला, पण त्या उन्हात वाद घालण्यापेक्षा रिक्षा बरी.

तिला घाई कशाची, हे मला माहीत होतं. खानदेशात आखाजीला लग्न झालेल्या मुली माहेरी येतात. अक्काची लेक मीना जळगावहून आलीच होती. तिच्यासाठी अक्का दरवर्षी खापरावर, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर, पुरणपोळ्या करते. ही पोळी दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवायची असते. होळीला अक्काच्या हातून ती चुलीत पडली. यंदा विकतच्या आणू, असं मीना फोनवर सहज बोलून गेली होती.

"हात मना शे, पण आयकत नही," (हात माझाच आहे, पण ऐकत नाही) अक्का रिक्षात एवढंच म्हणाली.

ताई निवृत्त शिक्षिका. भिंतीवर तळहात-तळपायाचा मोठा तक्ता, खाली सतरंजी. त्यांनी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात सावकाश दाब दिला, तशी अक्काने ओठ आवळले. ही विद्या चीनमधली, फार जुनी, ताई सांगत होत्या. मग अंगठ्याच्या मुळाशी त्यांनी चिकटपट्टीखाली मेथीदाणे बसवले. अधूनमधून दाबायचे, उद्या संध्याकाळी काढायचे.

"मेथीसुद्धा चीनची का?" मी विचारलं.

"दाब त्यांचा, दाणे आपले," ताई हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "याने ठणका कमी होईल. झिजलेला सांधा मात्र मी भरून देऊ शकत नाही. डॉक्टरांना दाखवाच."

माझा अर्धा राग तिथेच उतरला. संध्याकाळी सोनगीरला पोहोचलो. गावच्या किल्ल्यामागे सूर्य गेला तरी अंगण तापलेलंच होतं. शेवभाजी इतकी झणझणीत, की मला ताकाचा दुसरा पेला लागला.

सकाळी अक्काने त्याच हाताने भरलेली कळशी उचलली. मी पाहिलं, तिने तोंडही वाकडं केलं नाही. चूल पेटली, पुरण भरून झालं. पहिली पोळी तिच्या हातांवर पातळ होत गेली, आणि उजवीकडे बरोबर दाण्यांवर फाटली. तशीच ती भाजून घेतली. दुसरीही तिथेच फाटली.

"आई, काढ ते दाणे," मीना म्हणाली.

"मी नही काढस. ताईनी सांगेल शे." (मी नाही काढणार. ताईंनी सांगितलंय.) अक्काने हात मागे ओढला. दाणे काढले तर ठणका परत येईल, ठेवले तर पोळी टिकणार नाही. पुरणाचे उरलेले गोळे ती बघत राहिली.

मीना उठली, हात धुतले आणि आईच्या उजवीकडे येऊन बसली. आईचा हात बाजूला करून तिने तिथे आपला उजवा हात धरला. "तू डावा चालव."

"मोबाइल धरी धरी तुना हात लाकूड हुई जायेल शे," (मोबाइल धरून धरून तुझा हात लाकूड झालाय) अक्का पुटपुटली, पण पोळी तिने मीनाच्या हातावर टाकली. ती अक्काच्या डाव्या आणि मीनाच्या उजव्या हातावर झुलत वाढली आणि अखंड, थोडी वाकडी, खापरावर पडली. पुढच्या पोळीला अक्काने "कोपर वर" एवढंच म्हटलं. आमरसाबरोबर त्या वाकड्या पोळ्या आम्ही पोटभर खाल्ल्या.

संध्याकाळी अक्काने दाणे स्वतःच काढले आणि डॉक्टरकडे कधी जायचं, तेही स्वतःच विचारलं. आमचं सोमवारचं ठरलं. मुक्काम वाढवून मी तिला दाखवून आणलं. सांधा झिजलाय, हाताला जपा, असं डॉक्टर म्हणाले. ताईंकडेही ती जाणार आहे, आणि आता माझी हरकत नाही. त्या दाबाने तिला एक सकाळ कमी दुखलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मी निघाले तेव्हा मीना ओला पंचा पोळीसारखा दोन्ही हातांवर फिरवत अंगणात उभी होती आणि अक्का ओट्यावरून तिला रागवत होती. घरी येऊन अक्काने दिलेला डबा उघडला. वरच ती पहिली, फाटकी पोळी होती. ती मी कुणाला वाढली नाही, स्वतःसाठीच ठेवली.