राखून ठेवलेला मारवा

त्या वर्षांत मी झरी जामणीकडच्या एका जंगलातल्या गावी शाळेत शिकवत होते आणि रविवारी एसटीनं घाटंजीला गाणं शिकायला जात होते. गुरुजी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तोवर ते पेटीवर सूर दाखवायचे आणि बोलायचं ते पाटीवर लिहायचे. पाटी मीच शाळेतून नेऊन दिली होती.

विशारदच्या परीक्षेला पुरिया आणि मारवा दोन्ही होते. दोघांचे सूर तेच, एकही कमीजास्त नाही; कुठं थांबायचं, कुठून निसटायचं, एवढ्यावर राग बदलतो. पुरिया पेटीवर सुरू करू, असं गुरुजींनी लिहिलं. मारवा मात्र त्यांनी राखून ठेवला. "तो पेटीतून नाही येत. गळा आला की गाऊन देतो." मी विचारायची, "आता कसं आहे?" ते गळ्याला हात लावून लिहायचे, "पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्या एका रागापायी हा माणूस रोज सकाळी उठून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो, हे त्यांच्या बायकोनं मला सांगितलं होतं.

मी अधीर बाई. वाट पाहणं मला कधी जमलंच नाही. त्यात कापसाचा हंगाम आला. खरेदी केंद्रापुढं कापसाच्या बैलबंड्यांची रांग रस्ताभर, आणि एसटी त्यात दोन-दोन तास अडकलेली. सलग तीन रविवार मी अर्ध्या वाटेवरून परत आले. चिडायचं तरी कोणावर? बंडीवर बसलेल्या माणसाचं तोंड पाहिलं की माझं गाणंच मला फुकटचं वाटे. गावात तेव्हा दोन घरी सुतक होतं, कशानं ते कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. अशात तानपुरा लावून बसायची लाज वाटायची. शेवटी हंगाम संपेपर्यंत घाटंजीचा नाद सोडला.

पांढरकवड्याच्या स्टँडाजवळ एक झेरॉक्सवाले काका होते. इंटरनेटवरून गाणी उतरवून ते मोबाइलच्या कार्डात भरून द्यायचे.

"काका, शास्त्रीय पाहिजे. पुरिया."

"टाकून देतो न मॅडम! शास्त्रीय कोणी मांगतच नाही इथं. हे तुमाले फुकट."

चाळीस मिनिटांची फाइल. नाव पुरिया, गवयाचं नाव नाही, पण गळा असा की मी स्टँडावरच दोन एसट्या सोडल्या. मग तीन महिने इअरफोन कानातून निघाला नाही. भाकरी थापताना, वह्या तपासताना, शाळेच्या पडवीत एकटीच गुणगुणताना. आणि नवल असं की मला काही सुचेनासं झालं. गुरुजींनी पाटीवर लिहिलं होतं, पुरिया खोल, धीराचा. हा तर मला बसू देईना. षड्जावर येतो येतो म्हणायचा आणि यायचाच नाही, नुसता टांगून ठेवायचा. मी जेवता जेवता उठायची, मुलांवर खेकसायची. एक पोरगी दुसरीला म्हणाली, "मॅडमले आज काय चावलं व?" मला हसू आलं आणि लगेच संतापही आला. वाटलं, रागाला काय बोल लावायचा, आपलाच स्वभाव वाईट.

रस्ता मोकळा झाला तशी एका संध्याकाळी मी गुरुजींपुढं जाऊन बसले. म्हटलं, पुरिया तयार आहे. त्यांनी भुवया उंचावल्या. मी गाऊ लागले. थोड्या वेळानं त्यांनी पेटीवर गंधार दाबून धरला, इथं थांब म्हणून. मी थांबले नाही. त्यांनी पुन्हा दाबला.

माझा भडका उडाला. "गुरुजी, असाच आहे तो! तीन महिने ऐकून राह्यली मी. फाइलीवर नाव लिहिलं आहे. तुमाले ऐकू तरी येते का आता बराबर?"

बोलून गेले. अजूनही ते वाक्य आठवलं की माझे कान गरम होतात.

त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला. मारवा.

मी हट्टानं मोबाइल पुढं केला. त्यांनी इअरफोन घातला आणि चाळीसच्या चाळीस मिनिटं ऐकलं. मी समोर चटईच्या काड्या उपटत बसले. कोणीतरी कुठंतरी फाइलीला चुकीचं नाव देऊन टाकलं होतं, एवढंच. बाकी सगळं माझ्या घाईनं केलं होतं. ऐकता ऐकता त्यांचा हात नेहमीसारखा गळ्याशी गेला, तिथं थोडा वेळ राहिला आणि खाली आला.

पाटी पुसून त्यांनी लिहिलं, "चांगला बसला तुले. अस्सल आहे." मग तेही पुसलं आणि लिहिलं, "आता गुळण्या बंद करतो."

मला रडू फुटलं. म्हटलं, "गुरुजी, विसरून जाते मी हे सगळं. तुम्ही गाल तेव्हा नव्यानं शिकते." ते हसले, मान हलवली, आणि पेटी जवळ ओढून त्यांनी पुरियाचा निषाद धरला. मी नाक पुसत सूर लावला.

त्यांचा आवाज पुढं कधी आला नाही. परीक्षेत मी दोन्ही राग गायले आणि पास झाले. आता कोणी मारव्याची फर्माईश केली, तर मी सांगते, तो माझा शिकायचा राहिला.